आडवी टाकलेली नागली

आये, तुझी पणती चालायला लागली. काल, माझ्या डोळ्यांदेखत. डोळ्यांदेखत तरी कसं म्हणू, माझी तर तिच्याकडं पाठ होती.

थांब, आधीपासून सांगते. ही माझ्या धाकट्या लेकाची मुलगी, अडीच वर्षांची. बोलून बोलून कान किटवते, पण पाऊल टाकत नव्हती. जव्हारच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायांचे व्यायाम शिकवले, ते मी एक दिवस चुकवले नाहीत. खुरासणीचं तेल चोळलं, भिंतीशी उभं केलं. आणि रोज मी हात सोडून बघायची, आज उभी राहते का. ती धपकन बसायची. परवा माझ्या तोंडून निघून गेलं, "ही काय आता चालायची नाही." जीभ जळो माझी. सून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "आई, तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं. पण रोज काय रोप उपटून बघावं तसं बघता तिला?"

तिच्या त्या बोलण्यानं मला तू दिसलीस. मी आठेक वर्षांची आहे, आपण माळावर नागली टाकतोय. भात चिखलात रोवायचं, नागलीचं तसं नाही. रोपं ओल्या उतारावर नुसती आडवी टाकायची नि निघायचं. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी पिवळी पडलेली. मी ओरडले, "आये, मेली गं सगळी!" तू हसलीस. "तू कोण ठरवणार? आपलं काम झालं. आता तिचं तिला करू दे. हात लावशील तर बघ!" आणि आठ दिवसांनी सगळा माळ उभा! कुणी उचललं असेल गं एवढ्यांना? माझ्या अंगावर काटा आला होता.

तोच काटा काल आला. आम्ही दोघी सासू-सुना नागली टाकत होतो, पोर बांधावर घोंगडीवर बसवलेली. बोलत होते मी काहीतरी, खोडाळ्याच्या बाजारात सुकट किती महाग झाली ते. मागून आवाज आला, "आजी, तुझं पडलं."

"आण इकडं," मी म्हणाले.

म्हणाले नि जागच्या जागी थिजले. आण म्हणून सांगितलं कुणाला? वळले, तर ही चिखलात उभी. हातात माझ्या जुडीतून पडलेलं रोप, पाय नव्या वासरासारखे लटपटतायत. एक पाऊल. आणखी एक. सून किंचाळली, "आई, धरा तिला!" नाही धरलं. हात पुढं होत होता, तो मी पदरात गुंडाळून ठेवला. चार पावलं टाकून ती माझ्या लुगड्याला येऊन लागली. एवढं बळ त्या पायांत कधी भरलं? मी तर रोज बघत होते, मला कसं दिसलं नाही?

माझी शाळा चौथीची, एवढं लिहायला दुपार गेली. धाडायचं कुठं, म्हणून कागद नागलीच्या कणगीत ठेवते. अजून एक राहिलं. त्या वर्षी आपल्या माळाची कडेची एक ओळ वाळली, नि शेजारच्या काकूच्या शेळीनं तुडवली म्हणून तू तिच्याशी केवढी भांडलीस. आये, शेळी नव्हती गं. तुझा डोळा चुकवून मीच एकेक रोप उचलून बघत होते, मूळ धरलं का.