समोरच्या दाराचे कुलूप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कुलूप-किल्लीचा, राहणार स्वतःच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गल्लीत मला किल्लीकाका म्हणतात. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासले, वार विचारला, सरकार कोणाचे आहे ते विचारले. दोन्ही बरोबर सांगितले, वर त्यांच्या दवाखान्याच्या कडीचा स्क्रू ढिला झाल्याचेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव कसा असतो ते मला चांगले ठाऊक आहे, त्याबद्दल कलम पाचमध्ये लिहिले आहे.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. कारभार थोरल्याने पाहावा. कर भरणे, नळ दुरुस्त करून घेणे, रंग काढणे ही कामे त्याला जमतात आणि हुकूम सोडायला त्याला आवडते. म्हणूनच त्याच्या अधिकाराला हद्द घालून ठेवतो. कारभार एका वेळी पाच वर्षांचा. नंतर तो, त्याची बहीण आणि सूनबाई या तिघांनी मत देऊन ठरवावे. सूनबाईंचे मत पूर्ण धरावे, नवऱ्याच्या मतात मिळवू नये. कोणीही कोणाच्या खोलीत न विचारता शिरू नये, कारभाऱ्याने तर मुळीच नाही. या कलमात बदल करायचा असेल तर तिघांच्या सह्या लागतील. एकट्याच्या सहीने फक्त दिवा बदलता येईल.

या कलमाचा मसुदा वाचून दाखवला तेव्हा थोरला भडकला. म्हणाला, "बाबा, हे घर आहे की देश?"

मी म्हटले, "घरात तर जास्तच लागतं रे. देशात निदान कोर्ट असतं."

कलम २. दुकान मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे तिच्यासमोर कधी बोललो नाही, आता लिहून ठेवतो. दुकान तिलाच का, असे थोरला विचारील. त्याला त्या दुपारची आठवण करून द्यावी. बहीण कुणाची पत्रे लपवते ते बघायला तो मला तिचे कपाट उघडायला सांगत होता.

मी म्हटले, "तिच्या सहीचा कागद आण."

"घरात कसला कागद? मी मोठा भाऊ आहे तिचा!"

"म्हणूनच कागद पाहिजे."

तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हा मुलीने एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही एवढे कागदाचे कधीपासून झालात?" त्याचे उत्तर आज कलम पाचमध्ये देत आहे.

कलम ३. सर्व हत्यारे, कानशी आणि किल्ली कापायचे यंत्र मुलीला. किल्लीविना कुलूप उघडायचा वळलेल्या टोकाचा पोलादी आकडा मात्र तिने वापरू नये, त्याचे काय करायचे ते पुढे आहे. माझे ड्रिल मशीन तीन वर्षांपासून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे आहे. ते त्याने खुशाल ठेवावे, पण ते माझे होते हे चार माणसांसमोर कबूल करावे. आजवर तो "कुठलं मशीन?" असे विचारत आला आहे.

कलम ४. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. यात आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ५. माझ्या दुकानासमोर चाळीस नंबरच्या घरात मास्तर राहतात. ते शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. सदतीस वर्षांपूर्वी पोलीस कोणाच्याही घरात घुसू लागले होते, तेव्हा मास्तरांनी एक पत्रक छापून गल्लीत वाटले. त्यात दारात पोलीस आले तर विचारायचे पाच प्रश्न होते. पहिला प्रश्न, कोर्टाचा कागद कुठे आहे? खाली राज्यघटनेचा आधार देऊन साध्या भाषेत लिहिले होते, की अशा कागदाशिवाय सरकारला कोणाच्या घरात शिरता येत नाही. ते पत्रक मी माझ्या बाकड्यावर चिकटवले होते. छपाई छान होती. वाचले नव्हते असे म्हणणार नाही, दोनदा वाचले होते.

एका दुपारी मास्तर शाळेत असताना ठाण्याचे साहेब दुकानात आले. म्हणाले, "समोरचं कुलूप उघडायचंय." त्यांच्याजवळ कागद नव्हता. त्यांची नजर त्या पत्रकावर गेली, माझीही गेली. त्यांनी धमकी दिली असती तर इथे लिहिली असती. त्यांनी फक्त विचारले, "दुकानाचा परवाना कधी संपतो तुझा?" मी आकडा उचलला आणि त्यांच्या मागे गेलो.

कुलूप मीच बनवलेले, चार लिव्हरचे. दोन मिनिटांत उघडले, एक ओरखडा नाही. खरे सांगतो, त्या वेळी मला स्वतःच्या हाताचा अभिमानच वाटला. साहेब दार फोडूही शकत होते. पण फोडलेले दार गल्लीला दिसते, कोर्टालाही दिसते. मी उघडलेले कोणाला दिसत नाही, त्यासाठीच मी हवा होतो.

उरलेली पत्रके घरात सापडली आणि मास्तरांवर लोकांना भडकवल्याचा खटला भरला. मास्तर कोर्टात म्हणाले, झडती बेकायदा आहे, मी दाराला कुलूप लावून गेलो होतो. साहेब म्हणाले, दार उघडेच होते, चोर शिरला असेल म्हणून आत पाहिले. सगळा खटला त्या एका कुलपावर येऊन ठेपला. न्यायाधीशांनी मला बोलावून विचारले, "त्या दिवशी तुम्ही ते कुलूप उघडलं का?"

मी म्हणालो, "नाही, साहेब. दार उघडंच होतं."

मास्तर चौदा महिने तुरुंगात राहिले. सुटून आले तेव्हा शाळेत त्यांच्या जागी दुसरे कोणी होते. पुढे त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या. माझा परवाना मात्र रांगेत उभे न राहता वाढवून मिळाला.

त्यानंतर मी कागदाशिवाय एकही दार उघडले नाही. ठाण्यात माझे नाव 'कागदवाला' पडले. एकदा कागदावर घर नंबर चौदा होता आणि मला एकेचाळीसपाशी नेले, तेव्हा त्यांना परत पाठवले. शिव्या खाल्ल्या. पण त्याने चाळीस नंबरचे काही भरून निघाले नाही. मास्तर रोज चारला माझ्या दुकानात चहाला येतात आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे न बघता कप पुढे करतो. मला लाज वाटते.

तरी या कलमाने शपथेवर लिहून देतो की दाराला कुलूप होते आणि ते मी उघडले. माझ्या पश्चात या कलमाची प्रत आणि तो पोलादी आकडा मुलीने त्या कोर्टात नेऊन द्यावा आणि निकालाच्या कागदांना जोडायला सांगावे.

कलम ६. या मृत्युपत्राला दोन साक्षीदार, पहिले डॉक्टर, दुसरे मास्तर. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही आणि आतला मजकूर वाचण्याची त्याला गरज नसते, असे वकील म्हणाले. मास्तरांना देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, पण त्यांनी सगळे वाचूनच सही करावी. ते सही न करता उठून गेले तर हा कागद फुकट जाईल, आणि मग दुकानासाठी मुलीला भावाशी भांडावे लागेल. मास्तर सही करतीलच असे नाही, एवढेच काल सांगितले तेव्हा ती काकुळतीला येऊन म्हणाली, "बाबा, दुसरा कुणी साक्षीदार घ्या ना. शिंपीसुद्धा चालेल मला." तिचे म्हणणे बरोबर आहे. तरीही दुसरा साक्षीदार घेऊ नये. एकदा मी साक्षीदार होतो, काय झाले ते वर लिहिले आहे.

ठिकाण : दुकानावरची पुढची खोली. मंगळवार, महिन्याची नऊ तारीख, दुपारी चार.

(सही) किल्लीकाका

साक्षीदार १ : लिहिणारा शुद्धीत आहे. कडीचा स्क्रू बसवून घेतला. (सही) डॉक्टर

साक्षीदार २ : सर्व सहा कलमे वाचली. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सुटून आलो त्याच दिवशी कुलूप उलटसुलट करून पाहिले होते. ओरखडा नव्हता. असे उघडणारा गल्लीत एकच आहे, तेव्हा चहाला येत होतो तो चहासाठी नव्हे, ही कबुली ऐकण्यासाठी. माफ केले असे कोणी समजू नये. कलम पाचला माझी हरकत आहे. मेलेल्या साक्षीदाराला कोर्ट उलट प्रश्न विचारू शकत नाही. म्हणून 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत, बाजूला त्याची आणि माझी सही आहे. उद्या अकरा वाजता दोघांनी कोर्टात जायचे आहे. आकडा त्याने स्वतः घ्यावा. (सही) मास्तर, घर नंबर चाळीस