पाच डावी वेटोळी

ता. २

ती. मामांस सा. न. वि. वि.

आधी काम, मग खुशाली, कारण काम निकडीचं आहे. आमच्या प्रयोगशाळेतलं माझं लाडकं प्रथिन तुम्हाला ऐकून ठाऊक आहे. पेशीच्या भिंतीवर निरोप आला की तो आत पोचवायला दोन प्रथिनं लागतात, पण ती एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. माझं प्रथिन मधे उभं राहतं. एका हाताने याला धरतं, दुसऱ्याने त्याला. स्वतः मात्र काडीचं काम करत नाही! त्याचे स्फटिक वाढले, क्ष-किरणांनी नकाशाही निघाला, पण अणूंची साखळी त्या नकाशात बसतच नाही. सात महिने झाले. वीस तारखेपर्यंत बसली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं सरांनी काल सांगितलं.

सोबत आराखडा आहे. पाच वेटोळी, पुढची रेघ ठळक, मागची फिकी. तारेत करून द्याल? हातात धरून फिरवलं तर कुठे अडतंय ते दिसेल. मामीला नमस्कार. लोभ आहे म्हणूनच कामाला जुंपते आहे, रागावू नका.

तुमची भाची,
भिंगरी

ता. ७

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू ज्याला लाडकं प्रथिन म्हणतेस त्याला आम्ही कपलिंग म्हणतो, मोटरचा दांडा मशीनच्या दांड्याला जोडणारं. ते काडीचं काम करत नाही असं म्हणणाऱ्याने ते काढून मशीन चालवून दाखवावं.

आराखड्याप्रमाणे व्यास तेवीस मिलिमीटर, वेढ्यांमधलं अंतर सत्तावीस. पितळी तार गुंडाळून सोडली की थोडी उलगडते, म्हणून सळई एकोणीसची घेतली. पाचही वेटोळी झाली, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही.

पण जोडायला हात धजेना. बाळ, तुझी पाचही वेटोळी डावी आहेत. डावा आटा मी लेथवरच्या तीस वर्षांत सायकलच्या डाव्या पेडलसाठी आणि अशाच दोनचार जागी कापला असेन. म्हणून वाचनालयातून जाड पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन ते प्रकरण तीनदा वाचलं. शरीरातल्या प्रथिनांची असली वेटोळी उजवी असतात, साध्या स्क्रूसारखी, असं त्यात स्वच्छ छापलं आहे.

लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. माझी शाळा सातवीत सुटली, तू डॉक्टर. तुझी मामी म्हणाली, एरवी गिऱ्हाइकाचा आराखडा चुकला तर त्याची दारातच हजेरी घेता, भाचीला काय घाबरता? घाबरत नाही, विचारतो आहे. डावी ठेवू की उजवी करू?

उत्तर उलट टपाली यावं. लोभ कमी करू नये.

तुझा मामा

ता. ११

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, मामा, मामा! पत्र कॅन्टीनमध्ये उघडलं. शेजारच्या मैत्रिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्या मामांना प्रथिनातही आटे दिसतात. ती हसली, मी हसले, आणि चहाचा कप ओठापाशीच थांबला. तो तसाच टाकून तीन जिने धावत चढले.

गणितातून नकाशा दोन रूपांत निघतो, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. धूसर असताना दोन्ही सारखेच खरे वाटतात, त्यातला एक निवडावा लागतो. मी पहिल्याच आठवड्यात निवडला आणि पुन्हा वळून बघितलं नाही! सात महिने उजव्या पायात डावा बूट कोंबत होते आणि दोष पायाला देत होते.

नकाशा उलटवला. संध्याकाळपर्यंत साखळी सळसळत आत गेली! आणि दुसऱ्या प्रथिनाला धरायची खोबण, जिच्याबद्दल मी इतके महिने नुसतं 'असेल' म्हणत होते, ती समोर! सरांनी तीनदा तपासलं, मग स्वतःच्या खुर्चीत मला बसवलं आणि आपण उभे राहिले. काम माझंच राहिलं, मामा! नवा आराखडा सोबत आहे. लेखाच्या शेवटी तुमचे आभार छापायचे आहेत. सर विचारतात, नावापुढे काय लावायचं?

आज माझा लोभ मोजायला जाऊ नका, तुमची पट्टी पुरणार नाही.

तुमची वेडी भिंगरी

ता. १५

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र शांतपणे वाचलं. समाधान वाटलं. पाचही वेटोळी उजवी करून, जोडून, पेटीत भुसा भरून आज रवाना केली आहेत. पेटी बाणाची बाजू वर ठेवूनच उघडावी.

आभारात 'मदत केली' असलं मोघम लिहू नये. मदत रस्ता सांगणाराही करतो. 'पाचही वेटोळी डावी असल्याचे दाखवून दिले' असं लिहावं. नावापुढे 'टर्नर' लावावं. दुसरं काही नको.

प्रकृतीस जप. आमचा लोभ आहे तिथेच आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. ते 'शांतपणे' साफ खोटं आहे. तुझं पत्र वाचून हे वर्कशॉपभर नाचले, मला लेथपाशी गरगर फिरवलं, आणि समोरच्या शिंप्याला हाक मारून सगळं पत्र पुन्हा मोठ्याने वाचलं. माझ्या नव्या साडीवर, पाठीशी, ग्रीसचे दोन पंजे उमटलेत. डाग निघत नाहीत म्हणून हे हळहळतात. मी अजून साबण लावलेला नाही, हे त्यांना सांगू नकोस.