उज्वलाचा लॅपटॉप

२६ ऑक्टोबर, रविवार
उज्वला भाऊबीजेला बिलोलीला माहेरी गेली ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, सध्या राहते. कारण मला माहीत आहे. तिचा जुना लॅपटॉप. घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायची होती तिला. दोन वर्षं दुरुस्तीचं म्हणत होती, मी उद्या म्हणत होतो. बाकी आमच्यात काही बिनसलेलं नाही.
ठरलं. विंडोज काढून लिनक्स टाकायचं. फुकट असतं, त्यावर जुनं मशीनही पळतं. लॅपटॉप चालू की उज्वला घरी.

२ नोव्हेंबर, रविवार
व्हिडिओ बघून पेनड्राईव्हवर लिनक्स घेतलं, तो लावला. मशीन सुरू! दोन पर्याय आले, ट्राय आणि इन्स्टॉल. इन्स्टॉल केलं तर डिस्कवरचं सगळं पुसणार. डिस्कवर लग्नापासूनचे फोटो. ते उद्या कॉपी करू. तोवर ट्राय, म्हणजे पेनड्राईव्हवरूनच चालवायचं. त्यातही सगळं झकास चालतंय, मग घाई कशाला.

८ नोव्हेंबर, शनिवार
दाल मिलमधून लवकर आलो. फोटो कॉपी करायला बसलो आणि बघतच बसलो. सहस्रकुंडच्या धबधब्यापाशी ती भिजून हसतेय, मी मोबाईलवर बोलतोय. सगळ्याच फोटोंत मी मोबाईलवर का आहे?
कॉपी राहिली. तोच फोटो स्क्रीनला लावला, मराठी टायपिंग बसवलं.

१२ नोव्हेंबर
तिला फोन केला. लॅपटॉप झाला म्हटलं. म्हणाली, चांगलं झालं. तिकडे सेतू केंद्रात टायपिंगला लागली आहे म्हणे. तात्पुरतं असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
एसटीने बिलोली. सासऱ्यांनी चहा दिला, सोयाबीनवर बोलत राहिले. लॅपटॉप लावला. फोटो नाही, मराठी नाही. पुन्हा तेच, ट्राय की इन्स्टॉल. मशीन बंद केलं की ट्रायमधलं सगळं जातं म्हणे. व्हिडिओत सांगितलं असेल, मी शेवटपर्यंत बघितला नव्हता.
इन्स्टॉल का नाही केलं, उज्वलाने विचारलं. म्हटलं, आपले फोटो पुसले गेले असते.
ती म्हणाली, "पुसून टाका की. मला न्हाई लागत त्यातलं काही."
रागावली असती तर बरं वाटलं असतं. निघताना भाकरी बांधून दिली. एकट्यापुरती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मिलला गेलो नाही. सकाळपासून रडू येतंय.
पेनड्राईव्हच हलका निघाला. नवा आणायचा, फोटो कॉपी करायचे, इन्स्टॉल करायचं, मग परत बिलोली.
आज नुसतं ट्राय केलं. सहस्रकुंडचा फोटो पुन्हा लावला. आता मशीन बंद करायचंच नाही. बॅटरी कधीचीच मेली आहे, लाइट तेवढी जायला नको.