पत्रांच्या फ्लॉपीला लागलेले खंडेनवमीचे कुंकू

दिनांक : २० नोव्हेंबर १९७९

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब (कर्मचारी विभाग),
माणगंगा पंप अँड कास्टिंग कारखाना,
औद्योगिक वसाहत, सातारा.

अर्जदार : माजी हवालदार सयाजी ज्ञानू फडतरे, पहारेकरी, कॉम्प्युटर खोली. राहणार मलकापूर, ता. कराड, हल्ली मुक्काम सातारा.

विषय : पत्रांचा प्रोग्राम उघडताच कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्याचे खरे कारण कळविणेबाबत व कु. गुणमाला बाळगोंडा पाटील यांजवरील नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) कु. पाटील यांना २४ तारखेपासून कामावरून कमी करण्याची आपली नोटीस.
२) अर्जदाराने चौकशीत दिलेली जबानी, जी खोटी आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार आपल्या पायाशी सादर करतो की,

१. अर्जदाराने सतरा वर्षे पलटणीत काढली असून सध्या कॉम्प्युटर खोलीची किल्ली त्याचेकडे असते. आत जाणाऱ्याच्या चपला बाहेर काढून घेणे, खोली थंड ठेवणे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतणे ही त्याची कामे. कु. गुणमाला ही सांगलीकडची मुलगी वर्षभर तात्पुरती म्हणून त्या मशीनवर पत्रे लिहीत होती व दिवाळीनंतर कायम व्हायची होती. ती अर्जदारास मामा म्हणते. डबा उघडला की शेंगदाण्याच्या चटणीचा पहिला वाटा मामाचा. अर्जदारास स्वतःची लेक नाही, म्हणून हे नमूद केले.

२. मशीनला दोन फ्लॉप्या आहेत. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटात बसवलेली तपकिरी पातळ चकती, हे साहेबांस ठाऊकच आहे. एक पगाराची, ती आपल्या कपाटात कुलपात असते. दुसरी पत्रांची, ती गुणमालाच्या टेबलावर पांढऱ्या कागदी लखोट्यात असायची. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी गुणमालाने पत्रांची फ्लॉपी घातली, प्रोग्राम उघडला, आणि मशीनने घुर्रर्र करून मान टाकली. पुन्हा दिवे लागले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परत उघडले, परत तेच. पगाराची फ्लॉपी घातली की मात्र गरीब गाईसारखे चालते.

३. त्यानंतर जे उपाय झाले ते सर्व अर्जदाराच्या डोळ्यांदेखत झाले. वायरमनने लाइनीचा दाब मोजला. नवा स्टॅबिलायझर आणला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला व अर्जदारास दोनाऐवजी सहा बादल्या पाणी ओतण्याचा हुकूम झाला, तो त्याने पाळला. उंदराने वायर कुरतडली असेल म्हणून पिंजरा लावला, त्यात कॅन्टीनचे मांजर सापडले. मुंबईचे इंजिनिअर साहेब तीन दिवस पोटावर झोपून मशीनखाली घुसले होते. त्यांनी फ्लॉपी उजेडात धरून उलटसुलट पाहिली, मशीनचे तोंड आतून कापसाने पुसले आणि शेवटी लिहून दिले की चालविणाऱ्या व्यक्तीने चुकीच्या कळा दाबून फ्लॉपी खराब केली. दुसरी फ्लॉपी परदेशातून यायची, तिला दोन महिने. तोवर टेंडरचे पत्र वेळेत गेले नाही आणि मोठे काम हातचे गेले. कुणाच्या तरी माथी खापर फुटायलाच हवे होते. ते पोरीच्या माथी फुटले.

४. चौकशीत आपण अर्जदारास एकच प्रश्न विचारलात : त्या फ्लॉपीला गुणमालाशिवाय आणखी कुणाचा हात लागतो काय? अर्जदाराने टाचा जुळवून उत्तर दिले, नाही साहेब. गुणमाला समोरच्या खुर्चीत बसली होती. तिने अर्जदाराकडे पाहिले आणि मान खाली घातली. सतरा वर्षांत अर्जदाराने शत्रूला पाठ दाखवली नाही, पण त्या दिवशी स्वतःच्या भाचीला दाखवली. चुलीत जावो ती शिस्त आणि त्या टाचा.

५. आता खरी हकीकत. खंडेनवमीस कारखान्यात लेथला, भट्टीला, पाट्या-फावड्यांनासुद्धा हळदकुंकू लागले. कॉम्प्युटरला तेवढे नको, असे आपण बजावले होते. गुणमाला रजेवर होती. अर्जदाराच्या मनाला ते पटेना. ज्याच्यावर पोट चालते त्याला नवमीला हात जोडायचा नाही, असे पलटणीत कधी झाले नाही. म्हणून दुपारी सर्वजण प्रसादाला गेले असता अर्जदाराने चपला काढून खोली उघडली. मशीनचा पत्रा पुसून त्यावर एक झेंडू ठेवला, तो नंतर काढला. मग टेबलावरची फ्लॉपी लखोट्यातून बाहेर घेतली. अक्षरे तीच लिहिते, म्हणजे खरे हत्यार तीच, असा त्याने विचार केला. त्या काळ्या पाकिटाला मधोमध एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून तपकिरी चकती दिसते (मशीन तिथूनच वाचते, हे मागाहून कळले). अर्जदारास वाटले, ही जागा टिळ्यासाठीच ठेवलेली आहे. त्याने खोबरेल तेलात कुंकू कालवून तिथे बोट टेकवले. बाहेर येऊन उंबऱ्याशी नारळ फोडला आणि म्हणाला, आई भवानी, आमच्या गुणमालाला परमनंट कर.

मग साहेबांचा हुकूम आठवून त्याला घाम फुटला. त्याने आत जाऊन उपरण्याच्या टोकाने कुंकू पुसले. पुसले म्हणजे पसरले. तपकिरीवर तांबडे दिसेना, तेव्हा त्याला हायसे वाटले व त्याने फ्लॉपी होती तशी लखोट्यात ठेवली. दसऱ्यानंतर गुणमाला आली तेव्हा तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून तो म्हणाला, "खा पोरी, तुझ्या नावाचा नारळ हाय." तिने खाल्ला. पाच मिनिटांनी मशीन बंद पडले.

पलटणीतही दसऱ्याला बंदुकीची पूजा होते. पण कुंकू दस्त्याला लावतात, नळीत कुणी घालत नाही. एवढे शहाणपण अंगी असून अर्जदाराने ते नळीत घातले.

६. गेल्या रविवारी अर्जदार एस.टी.ने सांगलीस जाऊन गुणमालाच्या घरी गेला. कबुली द्यावी आणि पाय धरावेत असा बेत होता. तिची आई आक्काताई यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आवं हवालदार, पोरीनं मशीन मोडलं म्हणत्यात. तुमी रोज बघतायसा. तुमीच सांगा की वो साहेबास्नी, आमची पोर तसली न्हाई." अर्जदाराने कप तसाच खाली ठेवला. त्याने सांगतो म्हटले, आणि खरे काय ते न सांगताच उठला. थू त्याच्या जिनगानीवर.

गुणमाला स्टँडपर्यंत पोचवायला आली. तिथे तिने पिशवीतून घडी घातलेला पांढरा लखोटा काढला. तो त्याच फ्लॉपीचा. आतल्या बाजूस तांबडा, तेलकट डाग. मशीन पहिल्यांदा बंद पडले त्याच दिवशी तिला तो दिसला होता व तिने लखोटा बदलून जुना घरी नेला होता. अर्जदाराने विचारले, चौकशीत का दाखवला नाहीस? ती म्हणाली, "मामा, नारळ माझ्या नावाचा होता न्हवं? मग कुंकू कुणी लावलं ते मला कळंना व्हय? तुमास्नी या वयात कोण कामाला ठेवणार? मी कुठंबी टायपिंग करीन. तुमी गप बसा."

अर्जदारास रडू आले हे लिहिण्याचे कारण नाही, पण आले. स्टँडवरच्या लोकांनी पाहिले.

७. गप बसण्यास अर्जदाराने त्या पोरीला होकार दिला होता व लखोटा तिच्याकडून मागून घेतला होता. तो शब्द तो या अर्जाने मोडत आहे. लखोटा लपविण्यात तिचा काही दोष आहे असे साहेबांस वाटल्यास तोही अर्जदाराच्या खात्यावर धरावा, कारण लपविण्यासारखे काही त्यानेच तिच्या टेबलावर ठेवले होते.

सबब मेहेरबान साहेबांस विनंती की, कु. गुणमाला हिची नोटीस २४ तारखेच्या आत रद्द व्हावी. मशीनचे तोंड इंजिनिअर साहेबांनी पुसलेलेच आहे, नवी फ्लॉपी आली की ते सुरळीत चालेल. त्या फ्लॉपीवर जे पहिले पत्र निघेल ते गुणमालाच्या कायम नेमणुकीचे असावे आणि ते तिच्याच हातून लिहवून घ्यावे. तिला कळा बरोबर दाबता येतात हे तेव्हा आपणांस दिसेल. अर्जदारास कामावरून कमी करावे. त्याची तक्रार नाही. त्याने आक्काताईंना साहेबांशी बोलतो असे सांगितले होते, तो बोलला आहे.

पुढच्या खंडेनवमीस त्या खोलीत कुणीही असो, त्याने हात लांबूनच जोडावेत, ही आणखी एक विनंती.

आपला अपराधी व आज्ञाधारक,

(सही) स. ज्ञा. फडतरे
माजी हवालदार

सोबत :
१) पत्रांची फ्लॉपी, नग एक. खिडकी पुसू नये, इंजिनिअर साहेबांस दाखवावी.
२) आतून डाग पडलेला कागदी लखोटा, नग एक.
३) कॉम्प्युटर खोलीची किल्ली, नग एक. अर्थिंगला आजचे पाणी घातले आहे, उद्या कुणाला तरी सांगावे.