गांधीलमाशीवर घेतलेला आळ

एरंडोल, शनिवार, १२ जानेवारी १९९१

तीर्थस्वरूप नाना यांच्या चरणी धाकटा भाऊ भटू याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा थंडीत धरतो का? वहिनींचा खोकला उतरला असेल. हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नका, त्या हसतील आणि आत्ता मला ते सोसणार नाही.

कमलसाठी बोदवडचं स्थळ तुम्हीच आणलंत. माझं वांग्याचं तुम्हाला ठाऊक आहे: चार घास पोटात गेले की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. लग्न होईपर्यंत हे कुठे बोलू नको, पोरीच्या रक्तातही खोड असेल म्हणतील, असं तुम्हीच बजावलंत. (पोरगी दोन-दोन भाकरी भरताशी खाते, पण लोकांना कोण पटवणार.) आणि व्याह्यांनी पहिल्याच भेटीला वावरात भरताचा बेत ठेवला. आपल्याकडे व्याह्याचं भरीत नाकारणं म्हणजे पोरगी द्यायची नाही असंच सांगणं झालं.

तेव्हा दीपचंदशेटनी तोड काढली. (आपले किराणावाले, मालासाठी कलकत्त्याला जातात.) तिथे चिनी वस्तीत एक म्हातारा वैद्य आहे, एखादं खाणं न सोसणाऱ्यांना झाडपाला देतो. शेटनी पुडे आणले: साली, मुळ्या, वाळकी फुलं, आणि एक वस्तू जी फळ होती की किडा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. काढा उकळायला ठेवला तर तुमची भावजय यशोदा नाकाला पदर लावून म्हणाली, "हाई औषध शे का गोमूत्र?" आणि तिने चूल अंगणात नेली. शेजारच्या तानुबाईंनी म्हैस मेली का म्हणून चौकशी केली. मी मात्र श्रद्धेने प्यालो. इतकं कडू औषध गुण दिल्याशिवाय राहीलच कसं, अशी माझी समजूत. पुडे संपेपर्यंत वांग्याला शिवायचं नाही, असं वैद्याने बजावलं होतं म्हणे. ते अर्धेच झाले होते आणि बोदवडचं बोलावणं आलं. मी म्हटलं, अर्धा गुण तर आलाच असेल.

तुराट्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत कुटलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या. खरं सांगतो, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, इतकं चांगलं लागलं. दुसऱ्या वाढपाला ओठ जड झाले, मग डावा डोळा मिटला. सगळी पंगत माझ्याकडे बघत राहिली. खरं बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, गांधीलमाशी डसली.

व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या वावरात, त्यांच्याच पाहुण्याला. ताट तसंच टाकून ते आणि होणारे जावईबापू सुकदेवराव पेटता टेंभा घेऊन विहिरीकाठच्या बाभळीवरचं पोळं जाळायला निघाले. मी नको नको म्हणत होतो, पण सुजलेल्या ओठांतून कोणाला काही कळेना. त्यांना वाटलं, कण्हतोय. त्या माशांनी तोवर कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी व्याह्यांचा ओठ धरला आणि सुकदेवरावांचे दोन्ही डोळे. माझी सूज दवाखान्यातल्या सुईने त्याच दिवशी उतरली, त्यांची अजून आहे, आणि त्यापायी साखरपुडा पुढे गेला. नाना, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सकाळी आरशात आपलं तोंड धड दिसतं, त्याचीसुद्धा लाज वाटते.

थोरल्या मनाने पोटात घाला.

तुमचा, तोंड लपवून बसलेला
भटू

ता. क. शेटना जाब विचारला. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देईना, म्हणून शेटनी माझ्या नावाने स्वतःचा हात पुढे केला होता. ते जैन, त्यांच्या सात पिढ्यांत कोणी वांगं खाल्लेलं नाही. त्या नाडीत वैद्याला काय सापडणार? बिचाऱ्याने पोट साफ व्हायचं औषध दिलं असावं. तेवढा गुण मात्र आला.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की बोदवडला जाऊन व्याह्यांना सगळं खरं सांगा. मध्यस्थ तुम्ही, तुमचा शब्द ते मानतील. मी सांगितलं तर स्थळ मोडेल, आणि कमलला मुलगा मनापासून आवडलाय.

ता. क. तिसरा. बोदवडला जाऊ नका, इकडेच या. पाकीट चिकटवत होतो, तोच व्याही दारात. ओठ अजून सुजलेला, खांद्यावर वांग्यांची टोपली. मलाच हात जोडून म्हणाले, "भाऊ, आमच्या वावरात तुम्हाले माशी डसली. त्यापायी पोरगी देत नाही म्हणू नका." मी असू द्या, असू द्या म्हणालो. आत वांगी भाजायला घेतली आहेत. मी शनिवारचा उपास आहे असं सांगितलं, तर तेही माझ्यासोबत उपाशी बसले आहेत. सोमवारपर्यंत त्यांचा मुक्काम आहे. हे पत्र धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय, मिळेल त्या गाडीने निघा. सोमवार महादेवाचा सांगता येईल; मधल्या रविवारी कोणता उपास धरतात, तेवढं वहिनींना विचारून या.