डोक्यावरचा जोड

४ जून

ती. मावशीस ठिणगीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. तुझी जुनी खोलीसोबतीण शिवणमावशी विमानतळावर उभीच होती. नाक थेट तुझंच, नावाची पाटी उगाच आणली, असं म्हणाली. तुमच्याच खोलीत खिडकीजवळचा पलंग मिळालाय.

पण गोदीत गाडं अडलं. करार वेल्डरचा, आणि फोरमनने हातात दिला गंज खरवडायचा ब्रश. बाईमाणूस काय वेल्डिंग मारणार, म्हणून हसला. निघताना बाबा माझ्याशी बोललेही नव्हते. आता परत आले तर त्यांचंच खरं होईल. काय करू ते कळव. लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझी ठिणगी

१९ जून

चि. ठिणगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परत यायचं नाव काढलंस तर बघ! मलाही तिथे आधी झाडूच दिला होता. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या आईने तुला जाऊच दिलं नसतं.

पत्र मिळताच माझ्या वेळच्या क्रेनवाल्या दादांना गाठ. आता ते पाळीप्रमुख आहेत. माझी भाची एवढंच सांग. त्यांच्या बायकोला मी कामाला लावलं, माझ्यामागून आलेल्या पोरींना त्यांनी. हे असंच चालत आलंय. मात्र दादा फक्त चाचणी मिळवून देतील, जोड तुलाच घालायचाय. माझ्या शेडमध्ये वेल्डिंग शिकवलं तसं कोपर अंगाशी धर, घाई करू नकोस.

तुझे बाबा, म्हणजे आमचे भावोजी, तुझ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फक्त पोस्टमन दिसला की दुरुस्तीला आलेली स्कूटर तशीच उघडी सोडून फाटकात येऊन उभे राहतात.

तुझी मावशी

८ जुलै

ती. मावशीस सा. न.

जमलं गं, जमलं! दादांनी आधी तुझ्या भयंकर चहाची आठवण काढली आणि मग तडक मला फोरमनकडे नेलं. त्याने मुद्दाम डोक्यावरचा जोड दिला, मान वर करून घालायचा, सगळ्यात अवघड. निम्मी गोदी बघायला जमली. कॉलरमधून एक ठिणगी आत शिरली, मान भाजली, पण हात हलू दिला नाही. मग जोड पक्का आहे का बघायला त्यांनी ती जोडलेली लोखंडी पट्टी यंत्रात घालून पार वाकवली. जोड काही उलला नाही! तिथेच ताडपत्र्या शिवत बसलेल्या शिवणमावशीने चक्क शिट्टी मारली.

फोरमनने हात पुढे केला आणि तुझ्यासारख्या अजून आहेत का, असं विचारलं. माझ्या मावशीची शेड अशा पोरींनी भरलीय, मी ऐटीत सांगितलं. त्याला दोघी हव्यात. पोस्टमनची लेक आणि शिंप्याची धाकटी, दोघींना तयार कर. त्यांच्या राहण्याचं मी बघते.

तुझी वेल्डर

२५ जुलै

चि. वेल्डरबाईंस आशीर्वाद.

तुझं पत्र भावोजींनी माझ्या हातातून ओढून घेतलं आणि गल्लीत मोठ्याने वाचलं. उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा वाचलं!

पोस्टमनची लेक बॅग भरून बसलीय. शिंपी मात्र हटून बसला. पोरीला एकटीला परमुलखात धाडणार नाही म्हणे. मी दोनदा हात हलवत परत आले. शेवटी भावोजी ग्रीसचे हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी शिंप्याला एवढंच विचारलं, की माझी लेक तिथे असताना तुझी एकटी कशी?

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, पोरीला हाक मारली आणि तिकडच्या थंडीत घालायच्या कोटासाठी तिचं माप घ्यायला लागला.

दोघी येतायत. माझ्यावरचा लोभ आता त्यांच्यावरही असू दे.

तुझी मावशी