टोमॅटो निवडणारं यंत्र

अकोला, २४ सप्टेंबर २०२५

चि. अवनी हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लाल टोमॅटो एका टोपलीत आणि हिरवे दुसरीत टाकणारं यंत्र तुम्ही तिघं कॉलेजात करताय, हे ऐकून मामी म्हणाली, हिला घरी कधी भाजी निवडताना पाहिली नाही. नवमीला आपल्या गिरणीत मोटारीची पूजा होते, तशी तुमच्या यंत्राचीही कर. विसरू नकोस.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझा
दीनानाथमामा

पुणे, ५ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पूजा यथासांग केली. रंग ओळखणारा सेन्सर म्हणजे यंत्राचा डोळाच, म्हणून त्यालाच ठसठशीत कुंकू लावलं. परवा तपासणी झाली आणि एकूण एक हिरवा टोमॅटो लाल टोपलीत गेला. सर एवढंच म्हणाले, की यंत्र फारच आशावादी आहे.

आमच्या गटातला वरद म्हणतो सलोनीचा प्रोग्राम चुकला, सलोनी म्हणते वरदने केलेला यंत्राचा हात चुकला. दोघं बोलत नाहीत आणि गटप्रमुख म्हणून बोलणी मला. परीक्षेत हे चाललं नाही तर वर्ष गेलं. मामा, मला नाही जमत. दिवाळीला आले की परत यायचंच नाही, असं मनात आहे. रागावू नका, माया असू द्या.

आपली
अवनी

अकोला, १० ऑक्टोबर

चि. अवनी,
अ. उ. आ.

रागावलोय. गिरणीपलीकडचं मला काही कळत नाही, पण माझी स्कूटर उघडून पुन्हा जोडणारी मुलगी मला ठाऊक आहे. फराळाला खुशाल ये, हात टेकून मात्र येऊ नकोस. मामी डबा पाठवते आहे.

तुझा
मामा

पुणे, १८ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत का आले नाही ते सांगते. तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग प्रयोगशाळेत गेले. कोणाचा भाग कुठला हे सोडून दिलं आणि टोपलीपासून उलटी मागे येत गेले. हात ठीक, प्रोग्राम ठीक. सेन्सर मात्र समोर टोमॅटो नसतानाही लालच सांगत होता. पुसला, तर बोटाला नवमीचं कुंकू! आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो.

नुसतं पुसून भागणार नव्हतं, उद्या धूळ बसेल. म्हणून आता प्रत्येक टोमॅटोआधी सेन्सर तळाची पांढरी पट्टी बघतो. ती पांढरी दिसली नाही, तर यंत्र थांबतं. हे जमवण्यातच दिवाळी गेली.

काल परीक्षेला आलेल्या बाईंनी मुद्दाम सेन्सरवर अंगठा ठेवला. यंत्राचा हात जागच्या जागी थांबला आणि तांबडा दिवा लागला. अंगठा काढल्यावर एकही टोमॅटो चुकला नाही. मामा, आमचा गट पहिला आला. ही थांबायची युक्ती कोणाची, असं बाईंनी विचारलं, तेव्हा वरद आणि सलोनीने एकदमच माझं नाव घेतलं.

मामींना नमस्कार. लोभ आहे तो वाढावा.

आपली
अवनी